अव्वाच्या नावावर

बाळीवेस, सोलापूर
दसरा झाला, दिवाळी यायचीय

प्रिय संगू,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठणठणीत आहे. आप्पांचा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो कुरकुरायचा थांबला तर आम्हालाच चुकल्यासारखं होईल. फोन सोडून हे काय नवीन, असं म्हणशील. अरे बाबा, फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत तुझी मीटिंग सुरू होते. पत्राला मीटिंग नसते. म्हणून कुरिअरनं पाठवतेय, चहा घेऊन बस आणि सावकाश वाच. त्या क्रिकेटच्या ॲपमधनं माझ्या खात्यावर आलेले पैसे तुझ्या खात्यावर कधी टाकतेस, म्हणून तू सारखा विचारतोयस. त्याचंच उत्तर लिहायला बसलेय. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. पण मी माझ्या रस्त्यानं येणार. मधली पानं सोडून शेवट बघायला पळू नकोस.

तुला आठवतंय का, गड्ड्याच्या जत्रेला तू पुण्यातनं आला होतास त्या वर्षी? मी शेंगा भाजत होते, हात सगळे काळे, आणि तू दारात उभा राहून म्हणालास, अव्वा, तुझं आधार आणि पॅन कुठंय, फोटो काढायचाय. मी मानेनंच कपाट दाखवलं. कशाला, असं विचारलंसुद्धा नाही. आपल्या घरात ते विचारायची रीतच नाही ना! दुकान माझ्या नावावर, पाटीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत ‘श्रीदेवी ट्रेडर्स’, आणि श्रीदेवी दुकानात जाणार वर्षातनं एकदा, लक्ष्मीपूजनाला, वह्यांवर हळदकुंकू वाहायला. जुळे सोलापूरचा फ्लॅट माझ्या नावावर, आप्पांची स्कूटर माझ्या नावावर, पोस्टातल्या ठेवी माझ्या नावावर. आणि दुधनीला माहेरी जायचं तर एसटीच्या तिकिटाला पैसे आप्पांच्या खिशातनं मागून घ्यायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच बघ. आप्पांनी बोट ठेवायचं आणि मी त्या बोटाखाली सही करायची. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. टॅक्स वाचतो, असं म्हणायचे, आणि टॅक्स वाचवणं ही आपल्याकडं सत्यनारायणासारखीच पुण्याची गोष्ट आहे. त्यामुळं तू तुझ्या खेळाचं खातं आपल्या आईच्या नावावर उघडलंस, त्यात तुझी अक्कल कमी आणि घरचं वळण जास्त.

मग ह्या उन्हाळ्यात तू जिंकलास. भर दुपारी तुझा फोन, तू ओरडतोयस, मला वाटलं अपघातच झाला कुणाचा तरी. तर तू म्हणतोस, अव्वा, तू जिंकलीस! लाखो माणसांत तुझी टीम वरच्या नंबरात आली! मला टीम म्हणजे काय ते ठाऊक नाही आणि माझीच टीम वर आली. आप्पांनी बाळीवेशीतल्या ओळखीच्या प्रत्येकाला पेढा दिला आणि पेढा कशाचा विचारलं की गालात हसून पुढं गेले. जुगाराचा म्हणायची लाज, आणि खेळाचा म्हणावं तर खेळलं कोण, हा प्रश्न. त्या दिवसापासनं घरात मला कॅप्टन म्हणायला लागले. कॅप्टन, चहा. कॅप्टन, माझा चष्मा कुठंय. मीही म्हणायची, कॅप्टनला कामं सांगत नसतात. मजेत चालले होते रे दिवस.

पुढं ऑगस्टात तो कायदा आला, पैसे लावून खेळायचे खेळ बंद, आणि ॲपवाल्यांनी सांगितलं की जिंकलेले ज्यांचे त्यांनी काढून घ्या. तू काढायला गेलास तेव्हा तुझ्या लक्षात आलं की पॅन ज्याचं, बँकेचं खातंही त्याचंच लागतं. झालं! पैसे आले ते आपल्या पेठेतल्या बँकेत, माझ्या खात्यावर, आणि येतानाच तीस टक्के कापून आले. तुझा तो फोन मी विसरणार नाही. अव्वा, बँकवाल्यांनी घोटाळा केलाय, जाऊन भांड, असं म्हणालास. आप्पाही पेटले. म्हणे पेपरात एवढं आलंय, बारा लाखांपर्यंत एक रुपयाही लागत नाही, आणि ह्यांनी बाईमाणूस बघून कापले! मी पदर खोचून बँकेत गेले. भांडायला मला काय, मी तयारच असते. तिथल्या पोरीनं शांतपणे सांगितलं की काकू, आम्ही काही कापलं नाही, ॲपवाल्यांनीच सरकारात भरलेत, टॅक्सवाल्याला विचारा. पदर सोडून परत आले.

दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानाचं टॅक्सचं बघतात त्या मानसिंगकडं गेले. नव्या पेठेत, साडीच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे म्हणे, ‘म्हणे’ अशासाठी की इतकी वर्षं माझं रिटर्न तिथनं जातंय आणि मी तो जिना पहिल्यांदा चढले. आप्पा आले नाहीत. नोटीस, स्क्रुटिनी असले शब्द कानावर पडले की त्यांचा गुडघा लगेच दुखायला लागतो. मानसिंगनी उभं राहून नमस्कार केला आणि म्हणाले, श्रीदेवी ट्रेडर्सच्या मालकीणबाईंचं आज दर्शन झालं! मी म्हटलं, मालकीणबाईंचंही आजच झालंय. मग त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचं मला आवडलं.

त्यांनी सांगितलेलं मला समजलं तसं सांगते, कारण तुला ते कुणीतरी सांगायलाच पाहिजे आणि तू विचारणार नाहीस. ते बारा लाखांचं जे आहे ना, ते कमाईला. दुकान, पगार, असल्याला. खेळात जिंकलेल्या पैशाला ते चालत नाही. तिथं पहिल्या रुपयापासनं तीस टक्के, आणि त्या टॅक्सवर थोडा सेस तो वेगळा, तो पुढच्या वर्षी रिटर्न भरताना द्यायचा. बायकोचं नाव लावा, आईचं लावा, आजीचं लावा, दर तोच. म्हणजे तू माझ्या नावावर खेळून एक पैसा वाचवला नाहीस. आप्पांना हे घरी येऊन सांगितलं तर ते तोच पेपर काढून परत वाचत बसले. आयुष्यभराचा मंत्र एका ठिकाणी लागू पडला नाही, वाईट वाटणारच की माणसाला.

मग मानसिंगनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, काकू, पैसा कुणाचा? मी म्हटलं, पोराचा. तर म्हणाले, सरकारच्या वहीत तसं नाही. खातं तुमचं, पॅन तुमचं, कापलेला टॅक्स तुमच्या नावावर जमा. सरकारच्या लेखी खेळलात तुम्ही, जिंकलात तुम्ही. आता हे पोराचं म्हणायचं असेल तर जरूर म्हणा, पण मग त्यानं तुमच्या नावानं खातं का उघडलं, ॲपवर तुमची कागदपत्रं स्वतःची म्हणून का लावली, हे त्याला सांगत बसावं लागेल. आणि तुमचं म्हणणार असाल तर मनापासून तुमचं म्हणा. वरनं तुमचं आणि आतनं पोराचं, असं दोन्हीकडं पाय ठेवू नका. संगू, एवढं सगळं माझ्या नावावर आहे, पण हे कुणाचं, असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, उद्या सांगते.

उठता उठता मी आणखी एक विचारलं. म्हटलं, माझंच म्हटलं आणि मग पोराला देऊन टाकलं तर? ते म्हणाले, खुशाल द्या. आईनं मुलाला दिलेल्यावर टॅक्स नाही, एक कागद करून ठेवू. म्हणजे बघ, तुला पैसे द्यायला कायद्याची काहीएक आडकाठी नाही. हे मी तुझ्यापासनं लपवलं असतं तर तुला कळलंही नसतं, पण मला तसं जमायचं नाही. द्यायचं तर देता येतंय. द्यायचं का, तेवढंच उरलं, आणि ते सांगणं मानसिंगचं काम नाही. ते मलाच ठरवायचं होतं. तू मला फोनवर बोलून गेला होतास की आता बाहेरच्या देशातलं एक ॲप मिळालंय, तिथं सगळ्या मॅचवर लावता येतं आणि टॅक्स, कापाकापी, काही भानगडच नाही. तेही मी विचारलं. त्यावर मात्र त्यांनी माझ्याकडं जरा रोखून बघितलं. म्हणाले, काकू, हा टॅक्सचा प्रश्नच नाही. ते इथं चालवायलाच बंदी आहे. तिथं पैसे भरायचे ते कुणातरी अनोळखी माणसाच्या खात्यात, जिंकलं तरी तसल्याच खात्यातनं यायचे, आणि त्या माणसाला पोलिसांनी धरलं की तुमचंही खातं बंद. मग दुकानाची डाळ कुठल्या खात्यातनं घेणार? मी जिना उतरले ती खातं बंद, खातं बंद, एवढंच घोकत.

पण तू असं समजू नकोस की तुझी अव्वा तेव्हापासनं डोक्याला हात लावून बसलीय. अजिबात नाही. खरं सांगू? लई बरे चाललेत माझे दिवस. दुसऱ्या दिवशी परत नव्या पेठेत गेले आणि मानसिंगना सांगितलं, पैसा माझा. असं म्हणताना मला हसूच आलं. खाली उतरले ते चप्पलच्या दुकानात शिरले आणि मऊ तळव्याची, टाचेला उशी असलेली चप्पल घेतली, आप्पांना न विचारता. किंमत अजून सांगितलेली नाही. ते रोज चपलेकडं बघतात आणि रोज अंदाज करतात, आणि रोज कमीच करतात. आयत्या बिळावर नागोबा, असंही एकदा मला म्हणून झालं. मी म्हटलं, बीळ माझ्या नावावर आहे, नागोबा तुम्ही दोघं. दोन दिवस घुमे होते, तिसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणाले की दुकानात येऊन बसत जा थोडं, रिटर्नमध्ये काय असतं ते दाखवतो. आता मी चार वाजता जाते. तुरीचा भाव दुधनीला काय निघाला आणि इथं काय चाललाय हे आता मला विचार. गिऱ्हाइकं मला बघून आधी बावचळली, आता बायका मुद्दाम चारनंतर येतात.

आणि हो, क्रिकेट बघायला लागलेय! मानसिंग गमतीनं म्हणाले होते की उद्या कुणी विचारलं तर टीममध्ये किती खेळाडू असतात तेवढं तरी सांगता आलं पाहिजे. म्हणून बसले टीव्हीपुढं. बायकांच्या मॅचा लागतात त्या मला जास्त आवडतात, उगाच एकमेकींवर डोळे वटारत नाहीत. तुझ्या त्या खेळात कॅप्टनला दुप्पट गुण मिळतात आणि व्हाइस कॅप्टनला दीडपट, हेही मी शिकून घेतलं. आप्पांना म्हटलं, ऐकलंत का, कॅप्टनला दुप्पट, तर शेंगापोळी मला दोन वाढा. वर तूप सोडून त्यांनी खरंच दोन वाढल्या. बघत बसते तेव्हा तुझी आठवण येते. तू हौसेनं खेळायचास, तुला त्यातलं कळतं, याचं मला कौतुकच आहे. लहानपणी एकटा बसून कागदावर खेळाडूंची नावं लिहायचास तेव्हा मीच तुला दूध आणून द्यायची.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. मानसिंगनी विचारलं होतं की जिंकायच्या आधी त्यानं घातलेत किती? ह्या वर्षी घातलेले वजा होतात, मागच्या वर्षी बुडाले असतील तर ते ह्याच्यात धरता येत नाहीत. मी तुला फोन केला. तू म्हणालास, ह्या वर्षीचं ॲपवाल्यांनी वजा केलंय अव्वा, मागचं सोड. सोड म्हटलंस ना, तिथंच मला कळलं. जिंकलेलं तू पेढ्यांसकट सांगितलंस, गेलेलं कधी सांगितलं नाहीस. किती गेले ते मी विचारत नाही, विचारून तू खरं सांगणार नाहीस आणि मला ते ऐकून झोप लागणार नाही. पण तू गेल्या दिवाळीला सिद्धेश्वरीला साडी घेतली नाहीस, ऑफिसात पगार लांबला म्हणालास. तिनं माझ्याकडं बघून हसून दाखवलं आणि लग्नातलीच नेसली. माझी सून आहे ती, तिचं खरं हसणं कुठलं आणि दाखवायचं कुठलं, एवढं मला कळतं. तरी तेव्हा मी पगारावर विश्वास ठेवला.

आता शेवट. परवा दुपारी मी दुकानात होते तर सिद्धेश्वरीचा फोन आला. तिच्या मेडिकलच्या दुकानातनंच केला होता, जेवणाच्या सुट्टीत, आवाज एकदम बारीक. कन्नडमध्येच बोलत होती, म्हणजे शेजारच्यांना कळू नये. म्हणाली, अत्ती, ह्यांनी माझं पॅन आणि आधार मागितलंय, नवीन ॲपवर माझ्या नावानं खातं काढायचंय म्हणे, देऊ का? मी विचारलं, कशाला ते तू विचारलंस का? तर म्हणाली, विचारलं, त्यावर म्हणाले, अव्वानं दिलं तेव्हा तिनं काही विचारलं नव्हतं. संगू, हे पत्र मी तेवढ्या एका वाक्यापायी लिहितेय. मी विचारलं नव्हतं हे खरं आहे, म्हणून तिच्या वाटचंही मीच विचारतेय आणि उत्तरही मीच देतेय. ब्याड. नको. तिचं नाव तुला मिळणार नाही. आणि ते पैसेही मिळणार नाहीत, कारण ते माझ्याकडं नाहीत. चप्पल आणि पुढचा सेस सोडून सगळे मी काल तिच्या खात्यावर टाकले. तिच्या खात्याला फोन नंबर तिचाच आहे ना, तुझा नाही ना, हे आधी विचारून घेतलं. मानसिंगकडं कागदही केला. सासूनं सुनेला दिलेल्यावर टॅक्स नाही, व्याज मात्र माझ्या उत्पन्नात धरतात म्हणे, धरू देत. ती नको नको म्हणत रडली. मी सांगितलं, हे तुझ्या नावावर नाही, हे तुझं आहे. साडी घे, मोड, पुरून ठेव, मला हिशेब देऊ नकोस. तुला राग येईल. येऊ दे, पण तो माझ्यावर काढ, घरात एक शब्द तिला बोललास तर मी मऊ चप्पल घालून पुण्याला येईन हे लक्षात ठेव. तुला पैशाची खरंच नड असेल, कुणाचं देणं झालं असेल, तर तिच्यापुढं बस आणि सगळं सांग, गेलेलंसुद्धा. मग माग. नाही म्हणाली तर गप जेव. दिवाळीला दोघांनी यायचं आहे, आप्पा वाट बघतायत. पण तारीख मला कळवायच्या आधी तिला विचार, तिला सुट्टी कधी आहे.

रागावलेली, आणि तरी सगळी तुझीच,
अव्वा